होमी भाभा आणि हाडातला डाग

कर्करोगाच्या रुग्णाच्या तपासणी अहवालात हाडात डाग असल्याची नोंद आली, की घरातले सगळे गप्प होतात. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, थायरॉइड आणि मूत्रपिंड या अवयवांचे कर्करोग हाडांत पसरण्याची शक्यता अधिक असते. डाग खरोखरच पसरलेल्या कर्करोगाचा असेल, तर आजार बहुतेक वेळा चौथ्या टप्प्यात गेल्याचे मानले जाते आणि उपचारांची सगळी दिशा बदलते. कधी ठरलेली शस्त्रक्रियाही रद्द होते. तोच डाग जुन्या फ्रॅक्चरचा, झिजलेल्या सांध्याचा किंवा वर्षानुवर्षे मुकाट बसलेल्या निरुपद्रवी गाठीचा असेल, तर त्याला काहीही करावे लागत नाही. मुळशी तालुक्यातल्या भुकूमहून पौड रस्त्याने चांदणी चौक ओलांडून पुण्यात हाडांच्या स्कॅनसाठी येणाऱ्या रुग्णासमोर हाच प्रश्न असतो आणि मुंबईत परळला येणाऱ्या रुग्णासमोरही हाच.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने महाराष्ट्रात ज्या वाटेने आली, त्या वाटेवर एक नाव वारंवार भेटते. अणुऊर्जेचे शिल्पकार म्हणून सर्वांना ठाऊक असलेले डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे. ते डॉक्टर होते ते भौतिकशास्त्रातले. रुग्ण त्यांनी कधी तपासला नाही. तरीही आजच्या हाडांच्या स्कॅनमागे त्यांच्या आयुष्यातले दोन धागे आहेत. एक त्यांच्या तरुणपणीच्या संशोधनाचा, दुसरा त्यांनी उभारलेल्या संस्थांचा.

आत्याचा आजार

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर होते. वडिलांची बहीण मेहेरबाई यांचा विवाह जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था यांच्याविषयीच्या गप्पा होमी लहानपणापासून ऐकत आले. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता. चित्रकलेची गोडी लागली तीही याच वयात.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ साली ते केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाले. त्यांनी यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि जमशेदपूरच्या कारखान्यात रुजू व्हावे, असा वडिलांचा आणि दोराबजींचा बेत होता. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून हे स्पष्टपणे कळवले. वडिलांनी नकार दिला नाही, अट घातली. आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हायची, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च ते करतील. १९३० साली होमींनी अट पूर्ण केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

पुढच्याच वर्षी, १९३१ च्या जूनमध्ये, लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. वय अवघे ५१ वर्षांचे. ल्युकेमियावर तेव्हा परिणामकारक औषध नव्हते. श्रीमंती असो वा विलायतेतले डॉक्टर, कशाचाच उपयोग नव्हता. दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि १९३२ साली तेही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे दरवाजे उघडले. या रुग्णालयाशी होमींचा संबंध पुढे वेगळ्याच नात्याने येणार होता.

पॉझिट्रॉनशी ओळख

केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्या काळात जगाच्या भौतिकशास्त्राची पंढरी होती. १९३२ साली तिथे जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. त्याच वर्षी अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या छायाचित्रात इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जुळा भाऊ सापडला. तो पॉझिट्रॉन. केंब्रिजचेच पॉल डिरॅक यांच्या समीकरणांतून त्याचे भाकीत आधीच झाले होते.

तरुण भाभा या नव्या कणाच्या मागे लागले. पॉझिट्रॉन पदार्थात शिरला की काय होते, तो इलेक्ट्रॉनला भेटला की दोघांचा नाश कसा होतो, याचे गणित त्यांनी ह्यूम या सहकाऱ्याबरोबर १९३४ साली मांडले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हाचे सूत्र दिले. जगभरचे शास्त्रज्ञ त्या क्रियेला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला आणि त्यांचे नाव आघाडीच्या भौतिकशास्त्रज्ञांत घेतले जाऊ लागले.

हे सारे शुद्ध सिद्धांताचे काम होते. त्याचा रुग्णालयाशी काही संबंध येईल, असे तेव्हा वाटण्याचे कारणच नव्हते.

युद्धाने बदललेली दिशा

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांनी काम सुरू केले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्धानंतर इंग्लंडला परतण्याचा विचार मागे पडत गेला आणि चांगले विज्ञान आपल्याच देशात व्हावे, ही इच्छा बळावली.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत विज्ञानाच्या संस्थेसाठी मदत मागितली. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळुरूला आणि वर्षअखेरीस मुंबईत, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या आप्तांच्या बंगल्यात. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ साली ट्रॉम्बेला अणुऊर्जा केंद्राची सुरुवात झाली आणि त्याच वर्षी केंद्र सरकारचा अणुऊर्जा विभाग निर्माण झाला, सचिव भाभा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. तिचे इंधन ब्रिटनहून आले होते, उभारणी भारतीय अभियंत्यांनी केली होती. जुलै १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने बांधलेली ४० मेगावॉटची सायरस सुरू झाली.

या कार्यक्रमावर टीकाही झाली. ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि खासदार मेघनाद साहा यांनी संसदेत अणुऊर्जा आयोगाच्या कारभारावर आणि गुप्ततेवर बोट ठेवले. सायरस अणुभट्टीतले प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरले गेले, हेही नाकारता येत नाही. पण त्याच अणुभट्टीच्या पोटातून दवाखान्यात जाणारी किरणोत्सारी द्रव्येही बाहेर पडत होती. विजेचे दिवे अणुशक्तीवर पेटायला भारतात १९६९ साल उजाडावे लागले. रुग्णाच्या नसेत अणुशक्ती त्याआधीच पोहोचली होती.

परळचा निर्णय

१९५७ साली टाटा मेमोरियल रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले. पाच वर्षांनी, १९६२ साली, ते अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. कर्करोगाच्या उपचारात आणि निदानात किरणोत्साराला मोठे भविष्य आहे, याबद्दल भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांची खात्री होती. त्या भविष्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एका छपराखाली हवेत, हा त्यामागचा हिशेब होता. आत्याच्या आजारपणानंतर टाटा कुटुंबाच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय अशा रीतीने भाच्याच्या विभागात आले.

१९६३ साली याच परिसरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. ट्रॉम्बेला तयार होणारी किरणोत्सारी द्रव्ये रुग्णासाठी वापरायची आणि त्यासाठी डॉक्टरांना तयार करायचे, हे त्याचे काम. सुरुवातीच्या काळात भर होता थायरॉइडवर. किरणोत्सारी आयोडीन पोटात गेले की थायरॉइड ग्रंथी ते शोषून घेते. त्यावरून तिचे काम मोजता येते आणि तिच्या काही आजारांवर इलाजही करता येतो. हाडांची पाळी थोडी नंतर आली.

हाड जिवंत असते

हाडांचा स्कॅन समजून घ्यायचा तर आधी एक समज सोडावी लागते. हाड म्हणजे घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू नव्हे. त्यातले जुने खनिज सतत विरघळत असते आणि नवे बसत असते. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांनी १९३५ साली कोपनहेगनमध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन हे दाखवून दिले. खाण्यातून गेलेला फॉस्फरस हाडात जाऊन बसला आणि काही काळाने तिथून निघूनही गेला.

हाडाला कुठेही इजा झाली, तडा गेला, सांधा झिजला किंवा कर्करोगाच्या पेशींनी तिथे घर केले, की शेजारच्या पेशी दुरुस्तीला धावतात आणि नवे हाड घालू लागतात. त्या जागी फॉस्फेटची मागणी वाढते. फॉस्फेटला किरणोत्सारी खूण बांधून ते नसेतून दिले, तर जिथे दुरुस्ती चालू आहे तिथे ते अधिक जमा होते आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा गडद दिसते.

खूण म्हणून सर्वांत सोयीचे ठरले टेक्निशियम ९९ एम. त्याचा किरणोत्सार सहा तासांत निम्मा होतो, म्हणजे तपासणीपुरता टिकतो आणि लगेच ओसरतो. ते मॉलिब्डेनम ९९ पासून तयार होते. त्याचे अर्धायुष्य ६६ तासांचे असल्याने मॉलिब्डेनमचा साठा एकदा आणला की आठवडाभर त्यातून टेक्निशियम काढता येते. गोठ्यातल्या गायीची रोज सकाळी धार काढावी तसे. म्हणूनच जगभरच्या अणुवैद्यक विभागांत या उपकरणाला गायच म्हणतात. टेक्निशियम आणि फॉस्फेट यांची हाडासाठीची जोडी १९७१ साली अमेरिकेत गोपाल सुब्रमणियन आणि जॉन मॅकाफी यांनी जमवली. पुढे तिच्यात सुधारणा होऊन आज सर्वत्र वापरले जाणारे एमडीपी हे द्रव्य आले.

ते पाहायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी भाभा ज्यातून निघाले होते, ते एअर इंडियाचे कांचनगंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातले ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी रुग्णालय आणि त्याची संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. भाभा अणुसंशोधन केंद्र, म्हणजेच बीएआरसी.

डाग वाचायचा कसा

साध्या एक्स-रेमध्ये हाडातला डाग दिसायला तिथले ३० ते ५० टक्के खनिज नष्ट व्हावे लागते. हाडांचा स्कॅन त्याच्या बराच आधी इशारा देतो आणि डोक्यापासून पायापर्यंतची सगळी हाडे एकाच फेरीत दाखवतो. त्याची ताकद ही आणि मर्यादाही हीच. दुरुस्ती चालू आहे एवढे तो सांगतो. दुरुस्ती कशाची, हे सांगत नाही. त्यामुळे गडद डाग म्हणजे कर्करोग, हे समीकरण चुकीचे आहे.

डागाची जागा आणि मांडणी तज्ज्ञाला बरेच काही सांगते. मणके, बरगड्या आणि कटिबंध यांत लहानमोठे, कसेही विखुरलेले अनेक डाग असतील तर पसरलेल्या कर्करोगाचा संशय बळावतो. शेजारशेजारच्या बरगड्यांवर एका सरळ रेषेत ठिपके असतील तर बहुधा पडल्याचा किंवा मार लागल्याचा परिणाम. बरगडीच्या लांबीने पसरलेला डाग मात्र अधिक काळजीचा. मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यांपाशी, गुडघ्यात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दिसणारा डाग बहुतेक वेळा झिजेचा असतो. एकट्या बरगडीवरचा एकच डागही पुष्कळदा निरुपद्रवी निघतो.

तरीही शंका उरली तर सीटी आणि एमआरआय मदतीला येतात. बोन आयलंड म्हणजे स्पंजासारख्या हाडाच्या आत राहून गेलेला टणक हाडाचा तुकडा. सीटीत तो एकसारखा पांढराशुभ्र दिसतो, कडेला काट्यांसारखे बारीक फाटे असतात आणि हाडांच्या स्कॅनमध्ये तो सहसा उजळत नाही. मणक्यातली रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा, सुमारे दहा टक्के लोकांच्या पाठीत असते आणि बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. सीटीत तिच्या जाड उभ्या पट्ट्या ठिपक्यांच्या नक्षीसारख्या दिसतात. एमआरआयमध्ये तिच्यातली चरबी ओळखता येते. हा महत्त्वाचा पुरावा, कारण कर्करोगाच्या पेशी मज्जेतली चरबी हटवून तिची जागा घेतात. डागात चरबी शाबूत असेल तर तो निरुपद्रवी असण्याकडे कल जातो.

स्कॅनची फसगत उलट दिशेनेही होते. मल्टिपल मायलोमा या आजारात हाड विरघळते, पण दुरुस्ती फारशी होतच नाही. म्हणून आजार असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो. उपचार लागू पडल्यानंतर काही आठवडे ते महिने डाग उलट अधिक गडद दिसू शकतात, कारण हाड भरून येत असते. तेवढ्यावरून औषध बदलणे घाईचे ठरते. काही वेळा सगळी चित्रे पाहूनही निकाल लागत नाही. मग सीटीच्या साहाय्याने सुई घालून तुकडा काढावा लागतो आणि शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा असतो. सोबत रुग्णाचे जुने चित्र असेल तर ही सुई पुष्कळदा टळते. पाच वर्षांपूर्वीच्या सीटीतही तोच डाग त्याच आकाराचा असेल, तर तो पसरलेला कर्करोग असण्याची शक्यता फारच कमी. म्हणून जुन्या फिल्म आणि सीडी फेकून न देता स्कॅनच्या वेळी सोबत नेणे, एखादी जुनी पडझड किंवा फ्रॅक्चर डॉक्टरांना आठवून सांगणे, हे रुग्णाच्या हातातले काम आहे.

पुन्हा पॉझिट्रॉन

२००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर बसवले गेले. देशातली ही अशी पहिलीच सोय. पेट या लघुनावातला पहिलाच शब्द आहे पॉझिट्रॉन. सायक्लोट्रॉनमध्ये तयार केलेले फ्लोरिन १८ हे द्रव्य पॉझिट्रॉन सोडते. साखरेसारख्या रेणूला जोडून दिले, तर साखरेवर तुटून पडणाऱ्या कर्करोगाच्या पेशी ते गोळा करतात. फ्लोराइडच्या रूपात दिले, तर ते सरळ हाडाच्या खनिजात जाऊन बसते आणि जुन्या स्कॅनपेक्षा अधिक रेखीव चित्र देते. शरीरात सुटलेला पॉझिट्रॉन काही मिलिमीटरच्या आत एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो, दोघे नष्ट होतात आणि त्यांच्या जागी दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना निघतात. यंत्र ते दोन्ही एकाच क्षणी टिपते आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांवरून डागाची जागा ठरवते.

पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटल्यावर काय होते, याचे गणित होमी भाभा यांनी केंब्रिजमध्ये कागदावर मांडले, तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. साधारण सात दशकांनी त्याच दोन कणांच्या भेटी परळमध्ये रुग्णांच्या हाडांत मोजल्या जाऊ लागल्या.